चाकू स्वस्त घ्या, पण पातळ घ्या

वाचकांचे प्रश्न | या वेळी: खिशात ठेवायचा घडीचा चाकू

घडीच्या चाकूबद्दल एकामागून एक पत्रं आली, म्हणून हे पूर्ण सदर त्यालाच दिलं आहे. मी वर्कशॉपमध्ये हत्यारांना धार लावत आले आणि पुढे मुलांना तेच शिकवत आले, त्यामुळे या विषयावर मी थोडी जास्त बोलेन. पण छोट्या, स्वस्त, चांगल्या चाकूइतकी रोज कामाला येणारी वस्तू मला दुसरी ठाऊक नाही, आणि तो निवडताना लोक नको तिथे पैसे घालतात हे बघून वाईट वाटतं.

प्रश्न: मला रोज पर्समध्ये राहील असा लहान घडीचा चाकू घ्यायचा आहे. कामं साधीच आहेत. पार्सलची टेप कापायची, सुतळी तोडायची, पेन्सिलीला टोक काढायचं, कधी एखादं फळ चिरायचं. फार खर्च करायचा नाही. माहिती शोधायला गेले तर ८सीआर१३एमओव्ही, डी२, १४सी२८एन अशी पोलादांची नावं वाचूनच डोकं चक्रावलं. नेमकं बघायचं काय?

पोलादाचं नाव तूर्त बाजूला ठेवा. आधी पात्याची जाडी बघा.

कापण्याच्या कामात दोन गोष्टी होत असतात. धारेची अगदी शेवटची कड वस्तूत शिरते, आणि तिच्या मागून येणारं पातं ती फट रुंदावत जातं. कड कितीही तीक्ष्ण असली तरी मागचं पातं पाचरीसारखं जाड असेल तर पुठ्ठा कापताना चाकू अडकतो, सफरचंद चिरताना काप पडण्याऐवजी ते तडकतं, आणि पेन्सिलीची साल निघण्याऐवजी लाकडाचा ढलपा उडतो. मग आपण म्हणतो, धार गेली. धार असते. पातं जाड असतं.

स्वस्त चाकूंमध्ये हा दोष फार दिसतो. जाड पातं दणकट दिसतं, हातात घेतलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, आणि बनवणाऱ्यालाही ते सोपं जातं, कारण पातं जितकं पातळ घासायचं तितका मशीनवर वेळ जास्त लागतो, तापून पातं वाकण्याची भीतीही वाढते. म्हणून पाठीकडे साडेतीन मिलिमीटर जाड, रुंदीने बोटभर, असं पातं विकायला येतं. त्याने टेप कापली जाते हे खरं. टेप काय, किल्लीनेही कापली जाते.

दुकानात कॅलिपर घेऊन कोणी जात नाही, म्हणून एक साधी खूण सांगते. पात्याच्या कडेला जी बारीक चकाकती पट्टी दिसते ना, ज्या भागाला धार लावलेली असते, तिची रुंदी बघा. धारेचा कोन एका बाजूला २० अंश धरला, तर धारेमागची जाडी ०.४ मिलिमीटर असताना ही पट्टी अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम मोठी दिसते. जाडी ०.८ झाली की पट्टी १ मिलिमीटरच्या पुढे जाते. म्हणजे पट्टी केसासारखी बारीक असेल तर पातं पातळ, आणि लांबूनही रुंद, ठळक दिसत असेल तर जाड. कोन थोडा कमीजास्त असू शकतो, त्यामुळे हे मोजमाप तंतोतंत नाही, पण दोन चाकू शेजारी ठेवून निवडायला पुरेसं आहे. पाठीची जाडी २ ते २.५ मिलिमीटरच्या आत असावी. तुम्ही सांगितलेल्या कामांना त्याहून जाड पात्याची गरज नाही.

लांबीचं म्हणाल तर ६ ते ७.५ सेंटीमीटरचं पातं पुरे. त्याहून लहान पात्याने फळ चिरताना हात ओला होतो, त्याहून मोठं पातं बघून शेजारचा माणूस दचकतो. मूठ मात्र अशी हवी की तिच्यावर निदान तीन बोटं नीट बसतील. बोटं निसटू लागली की माणूस पकड घट्ट करतो, आणि घट्ट पकडलेल्या हाताला चाकू कुठे वळतो आहे ते कळत नाही.

आता पोलाद. तुम्ही वाचलेल्या नावांमागे दोन घटक आहेत, कार्बन आणि क्रोमियम. कार्बनमुळे पोलाद कडक होऊ शकतं, क्रोमियममुळे गंजाला आवर बसतो. ८सीआर१३एमओव्ही या चिनी पोलादात कार्बन सुमारे ०.८ टक्के आणि क्रोमियम सुमारे १३ टक्के असतं. त्याचाच गरीब भाऊ ३सीआर१३, त्यात कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपासच. तो फारसा कडक होत नाही, धार लवकर जाते. १४सी२८एन हे मूळ स्वीडनचं पोलाद, कार्बन ०.६ टक्क्यांच्या थोडं वर, क्रोमियम १४ टक्के. पातळ धार छान धरतं, गंजाला दाद देत नाही, आणि परवडणाऱ्या चाकूंमध्येही ते आता मिळतं. डी२ मध्ये कार्बन दीड टक्क्याच्या घरात. धार खूप टिकते, पण गेली की परत आणायला घाम फुटतो. त्यात १२ टक्के क्रोमियम असूनही त्यावर डाग पडतात, कारण बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि गंज रोखायला मोकळं उरत नाही.

पण हे सगळं कागदावरचं. पोलादाला पाणी कसं दिलं आहे, म्हणजे किती तापवून, किती झपाट्याने निववून, पुन्हा किती उबेवर आणून त्याचा ठिसूळपणा काढला आहे, यावर धारेचं भवितव्य ठरतं. साधं पोलाद नीट पाणी दिलेलं असेल तर ते उंची पोलादाला मागे टाकतं. आणि हे पात्यावर छापलेलं नसतं. म्हणूनच मी म्हणते की कमी पैशांत घ्यायचा असेल तर जो कारखाना एकच साधा चाकू वर्षानुवर्षं करत आला आहे त्याचा घ्या.

माझ्या डोळ्यांसमोर दोन आहेत. एक फ्रान्सचा ओपिनेल. सव्हॉय भागातल्या जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये तो बनवला आणि १८९७ पासून तो क्रमांकांनी ओळखला जातो. लाकडी गोल मूठ, एक पातं, पातं जिच्यावर फिरतं ती एक खीळ, मानेवर फिरणारी एक कडी. यापलीकडे त्यात काही नाही. नंबर ६ चं पातं सुमारे ७ सेंटीमीटरचं असतं, आणि ते इतकं पातळ की फळ कापताना जाणवतही नाही. दुसरा स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये इबाख इथे कारखाना सुरू केला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले, आणि आज ज्याला सगळे स्विस नाइफ म्हणतात त्याची नोंदणी १८९७ ची. त्यांची पाती रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५६ च्या आसपास ठेवलेली असतात, म्हणजे मुद्दाम जरा मऊ. कोणी त्याला कमीपणा मानतो. मी मानत नाही. मऊ धार दगडावर पटकन परत येते, आणि कठीण वस्तूवर आपटली तर तिचा तुकडा उडत नाही, ती वळते. रोज खिशात राहणाऱ्या चाकूला हाच स्वभाव चांगला.

तुमच्या कामांसाठी मी ८४ मिलिमीटर मुठीचा, दोनतीनच अवजारं असलेला व्हिक्टोरिनॉक्स घेईन. त्यातही ॲल्युमिनियमची खरखरीत मूठ असलेला, कारण तो चपटा आहे आणि पर्सच्या कप्प्यात कुठे टोचत नाही. सोळा अवजारांचा जाडजूड घेऊ नका. पहिल्या महिन्यात तो मिरवाल, दुसऱ्या महिन्यात घरी ठेवाल.

घ्यायच्या आधी चाकू हातात घेऊन एवढं करा. तो मिटून उजेडाकडे धरा आणि पातं खोबणीच्या मधोमध बसलं आहे का ते बघा, एका बाजूला घासत असेल तर धार रोज मिटतानाच जाईल. उघडून पात्याचं टोक चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. किंचित लवचिकपणा पात्याचा असतो, तो चालेल. खिळीपाशी खटखट जाणवली तर ठेवून द्या. शेवटी मुठीच्या सगळ्या कडांवरून बोट फिरवा. जी कड आता नुसती जाणवते ती अर्धा तास काम केल्यावर फोड आणते.

प्रश्न: लॉक असलेला घ्यावा की बिनलॉकचा? मित्र म्हणतात की बिनलॉकचा चाकू बोटांवर मिटतो.

मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे. कापताना जोर धारेवर येतो, आणि तो जोर पात्याला आणखी उघडं ठेवतो. मिटायची वेळ येते ती टोकाने भोसकताना, भोक पाडताना, किंवा अडकलेलं पातं हिसकून काढताना, कारण तेव्हा जोर पाठीवर जातो. तुमच्या कामात पट्ट्याला भोक पाडणं, लाकडात टोक फिरवणं असं काही असेल तर लॉक हवाच. नुसतं कापायचं असेल तर चांगल्या स्प्रिंगचा बिनलॉक चाकू पुरतो, आणि तो वापरणारा माणूस हाताने सावध राहतो, हा त्याचा फायदाच आहे.

लॉकचे प्रकार पुष्कळ. मुठीच्या पाठीवरची पट्टी दाबून मिटणारा बॅक लॉक १९६० च्या दशकात अमेरिकन बक कंपनीच्या ११० नंबरच्या चाकूमुळे घरोघरी पोहोचला. तो भक्कम असतो, पण मिटायला सहसा दोन हात लागतात. आतली पातळ पट्टी सरकून पात्यामागे येते तो लायनर लॉक, सध्याच्या स्वस्त चाकूंत सगळ्यात जास्त दिसणारा. तो मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, तेव्हा पातं थोडं हललं की अंगठा बाजूला घ्यायची सवय लावून घ्या. घेताना बघायचं ते हे: पूर्ण उघडल्यावर ती पट्टी पात्याच्या बुडाला रुंदीने कितपत टेकली आहे? जेमतेम काठावर असेल तर ती निसटेल. पार पलीकडच्या बाजूला जाऊन टेकली असेल तर नवीन असतानाच झिजेची जागा संपली आहे.

माझी पसंती कडीला. ओपिनेलची मानेवरची कडी १९५५ मध्ये आली. उघडल्यावर फिरवायची, पातं रोखलं जातं. काम करते आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं, आणि बोट पात्यासमोर न आणता ती सोडवता येते. नंबर २ ते ५ च्या लहान ओपिनेलना ही कडी नसते, ते लक्षात ठेवा.

लॉक कोणताही असो, त्याच्या भरवशावर चाकू पहारीसारखा वापरू नका. डब्याचं झाकण उचकटायला स्क्रूड्रायव्हर असतो.

प्रश्न: एका हाताने झटक्यात उघडणारे, क्लिपवाले चाकू मला आवडतात. त्यात वाईट काय आहे?

काहीच नाही. दुसऱ्या हातात दोरी धरलेली असते, शिडीवर असता, तेव्हा एका हाताने उघडणारा चाकू खरोखर उपयोगी पडतो. अंगठ्याने उघडायला पात्याला गोल भोक आणि खिशाला अडकवायला मुठीला क्लिप ही जोडी १९८१ मध्ये स्पायडर्को कंपनीने आणली आणि तिथून खिशातल्या चाकूची सगळी तऱ्हाच बदलली.

माझी हरकत स्वस्त नकलांवर आहे. कमी किमतीत बेअरिंग, स्प्रिंग, लॉक, रंगीत मूठ एवढं सगळं द्यायचं म्हटलं की कात्री पात्यावर चालते. उघडताना चाकू मस्त खटका देतो, आणि पातं बघावं तर जाड, पोलादाचं नाव 'स्टेनलेस' एवढंच. खटक्याचे पैसे देऊ नका. क्लिपचा चाकू घ्यायचाच असेल तर पोलादाचं पूर्ण नाव सांगणाऱ्या कंपनीचा घ्या आणि क्लिप दुसऱ्या बाजूला लावता येते का ते बघा, विशेषतः तुम्ही डावखुरे असाल तर. डावखुऱ्यांसाठी लायनर लॉकपेक्षा बॅक लॉक सोयीचा, कारण तो दोन्ही हातांना सारखाच.

बटण दाबताच आपोआप उघडणारे चाकू पुष्कळ देशांत बेकायदा आहेत. ते या यादीतून काढूनच टाका.

प्रश्न: साध्या कार्बन पोलादाचा चाकू काळा पडतो म्हणतात. मग तो कोणी का घ्यावा?

कारण त्याला धार लावण्यासारखं सुख नाही. दगडावर दहाबारा फेऱ्यांत तो दाढीच्या पात्यासारखा होतो. क्रोमियम नसल्यामुळे पोलादात कठीण कण मोठे नसतात, कड फार बारीक नेता येते.

काळा पडणं आणि गंजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लिंबू, टोमॅटो, सफरचंद कापलं की पात्यावर करडा-निळा थर चढतो. तो थर तसाच राहू द्या, तो पुढच्या गंजाला थोडा अटकाव करतो. तांबडा, भुसभुशीत डाग दिसला तर तो मात्र गंज, तो लगेच घासून काढायचा. काम झालं की पातं पुसायचं, महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवायचा. एवढं जमत असेल तर कार्बनचा घ्या. घामाच्या खिशात, समुद्राकाठी, किंवा ओल्या हातांनी वापरणार असाल तर स्टेनलेसच घ्या, मनात खंत ठेवू नका. ओपिनेल दोन्हींत मिळतो.

ओपिनेलची लाकडी मूठ पाण्यात फुगते आणि मग पातं उघडता उघडत नाही. त्याला धुवायला बुडवून ठेवू नका. फुगलाच तर सावलीत एकदोन दिवस वाळू द्या, विस्तवाजवळ नको.

प्रश्न: माझ्या चाकूची धार गेली आहे. धार लावणाऱ्याकडे देऊ, की खाचेतून ओढायचं ते छोटं यंत्र घेऊ?

दोन्ही नको. एक दगड घ्या.

खाचेच्या यंत्रात कठीण धातूच्या दोन कडा पात्याचा कीस काढतात. एकदोनदा धार आल्यासारखी वाटते, पण कड करवतीसारखी फाटलेली असते, आणि लहान पातं वर्षभरात झिजून मधोमध खोलगट होतं. फिरत्या चाकावर देण्यात धोका उष्णतेचा. पातळ पात्याची कड डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात तापते. कार्बन पोलादावर पिवळसर छटा आली तर ती २२० अंशांच्या आसपासची, निळा रंग आला तर ३०० अंशांच्या आसपासचा. निळी झालेली कड म्हणजे तिला दिलेलं पाणी उतरलं. पुढे कितीही घासा, ती मऊ भाग झिजून जाईपर्यंत धार धरणार नाही. चांगले कारागीर पातं सारखं पाण्यात बुडवत राहतात. तुमचा तसा असेल तर जरूर द्या. पण खिशातल्या चाकूला धार लावायला कोणाकडे जावं लागतं हेच मला पटत नाही. अख्ख्या कामाला पंधरा मिनिटं लागतात आणि ते एकदा हाताला लागलं की जन्मभर पुरतं.

दगड १००० ग्रिटचा घ्या; ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक. धार पार गेली असेल तर आधी ४०० चा. दगड ओला करून ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. कोनाची धास्ती घेऊ नका. पातं १५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून ५ मिलिमीटर वर धरली की कोन २० अंशांच्या जवळ येतो. आता धारेच्या पट्टीवर मार्कर पेनने रंग द्या आणि हलक्या हाताने दोन फेऱ्या मारा. रंग पट्टीच्या वरच्या काठाला गेला तर पाठ फार खाली आहे. अगदी कडेलाच गेला तर फार वर आहे. सगळीकडून सारखा गेला की तोच कोन हाताने धरून ठेवायचा. वर्कशॉपमध्ये मी नव्या मुलांना पहिला धडा हाच देत असे, आणि कोन मोजायच्या महागड्या उपकरणांपेक्षा मला तो जास्त भरवशाचा वाटतो, कारण पात्यावर आधी जो कोन होता तोच तो दाखवतो.

एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूच्या कडेवर बारीक खरखर लागेपर्यंत. तिला आम्ही बर म्हणतो. बोट कडेच्या आडवं, पाठीकडून धारेबाहेर सरकवून ती जाणवते. कधीही कडेच्या लांबीने बोट फिरवू नका. बर टोकापासून बुडापर्यंत सलग आली म्हणजे ती बाजू झाली. ती आली नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. बहुतेकांची धार इथेच बिघडते, कंटाळून ते बाजू बदलतात. मग दुसरी बाजू, तिथेही तसंच. त्यानंतर एकदा इकडे एकदा तिकडे, दर वेळी हात आणखी हलका करत, चाकूचं नुसतं वजन पडेल इतका. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, तो नसेल तर सपाट पुठ्ठ्यावर, धार मागे ठेवून पाठीच्या दिशेने दहावीस वेळा ओढा. राहिलेली बर तुटून जाते. वर्तमानपत्राचा कागद एका हातात उभा धरून कापा. कुठे अडकलं, तर तिथेच बर शिल्लक आहे.

दगड नसताना चिनी मातीच्या कपाच्या बुडाचं खरखरीत, चकाकी नसलेलं कडं वापरा. कप उपडा ठेवायचा, त्याच कोनाने हलके ओढायचं. गेलेली धार त्याने येत नाही, उतरू लागलेली मात्र परत चढते.

आणि पातळ पात्याबद्दल मी इतकं का बोलले ते इथे कळेल. धार लावताना जितकं पोलाद काढावं लागतं ते धारेमागच्या जाडीवर ठरतं. पातळ पात्याला त्यातलं थोडंच काढावं लागतं, म्हणून ते सोपं. जाड पात्याशी झगडून झगडून माणूस धार लावणंच सोडून देतो आणि बोथट चाकू खिशात ठेवतो, जो जोर लावायला लावतो आणि घसरतो.

प्रश्न: आमची मुलगी दहा वर्षांची आहे, तिला काड्या तासायला आवडतं. तिला चाकू द्यावा का?

तुम्ही शेजारी बसणार असाल तर द्या. टोक गोल असलेला आणि लॉकचा द्या, लहान मुलांच्या हातात पातं मिटण्याची भीती खरी असते. ओपिनेल आणि व्हिक्टोरिनॉक्स दोघेही गोल टोकाचे चाकू करतात, पण प्रत्येकाला लॉक असतोच असं नाही, बघून घ्या. आणि कृपा करून धार काढून देऊ नका. बोथट चाकूला जोर लागतो, जोर लावला की हात सुटतो.

नियम तीन सांगा आणि मोडले तर चाकू त्या दिवसापुरता परत घ्या. तासताना बसायचं, उभं राहून नाही. पातं नेहमी अंगापासून दूर जाईल असं ढकलायचं, आणि कोपरं गुडघ्यांवर टेकवायची म्हणजे चाकू मांडीकडे येत नाही. कोणाला द्यायचा तर मिटूनच द्यायचा. चाकू पडत असेल तर झेलायचा नाही हेही सांगा, कारण मुलांचा हात आपोआप पुढे जातो.

प्रश्न: असा चाकू रोज जवळ बाळगणं कायद्यात बसतं का? प्रवासात काय करावं?

प्रत्येक देशाचा, काही ठिकाणी तर प्रत्येक शहराचा नियम वेगळा आहे, म्हणून आपल्या जागेचा नियम आधी वाचा. फरक किती असतो बघा. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू विनाकारणही जवळ ठेवता येतो, पण लॉक असला की तो त्या सवलतीत बसत नाही. जर्मनीने २००८ मध्ये एका हाताने उघडणारे आणि लॉक होणारे चाकू सबळ कारणाशिवाय बाळगायला बंदी घातली. म्हणजे जी सोय म्हणून आपण पैसे मोजतो तीच अडचण होऊ शकते. लहान, बिनलॉकचा, दोन्ही हातांनी उघडायचा चाकू सहसा कमी अडवला जातो, आणि तो बघून कोणी घाबरतही नाही. मी त्याची शिफारस करते त्यामागे हेही एक कारण आहे.

विमानात हातातल्या सामानात चाकू ठेवू नका, कितीही लहान असला तरी. मोठ्या बॅगेत, मिटून, कापडात गुंडाळून द्या. घरून निघताना पर्सचा तो कप्पा उघडून बघायची सवय लावा. तपासणीच्या टेबलावर काढून घेतलेला चाकू परत मिळणं अवघड. शाळा, न्यायालय, कार्यक्रमाची सभागृहं इथेही नको.

प्रश्न: वडिलांचा जुना चाकू सापडला. पातं उघडत नाही, खिळीपाशी घट्ट झालं आहे. टाकून द्यावा का?

मुळीच नाही. पक्कड लावून ओढू नका, पात्यावरची नख अडकवायची खाच तुटेल. खिळीवर पातळ मशीन ऑइलचे थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी कोमट साबणाच्या पाण्यात स्टेनलेसचा असेल तर बुडवून, कार्बनचा असेल तर नुसतं ब्रशने, खोबणीतला मळ काढा. लाकूड, हाड किंवा शिंगाची मूठ असेल तर पाण्यात बुडवायचं नाही, दात घासायच्या जुन्या ब्रशला तेल लावूनच साफ करा. पातं किंचित हललं की मागे-पुढे करत राहा, काळं तेल बाहेर येईल, ते पुसून पुन्हा नवा थेंब. शेवटी सगळं कोरडं करून खिळीवर एकच थेंब सोडा, जास्तीचं तेल खिशातली धूळ धरून ठेवतं.

उघडल्यावर धारेची पट्टी बघा. जुन्या चाकूंची पाती पुष्कळदा आजच्यापेक्षा पातळ असतात. तसं निघालं तर नवा चाकू घ्यायची गरजच नाही, १००० ग्रिटचा दगड तेवढा आणा.